शीवला कुठलं मशीन न्यायचं

परळच्या आमच्या गाळ्यात दोन मशिनं समोरासमोर उभी होती आणि त्या दोन मशिनांची दोन माणसं दिवसभर भांडत असायची. एक मी, दुसरे माझे बाबा. बाबांचं ऑफसेट. लोखंडी, अंगापिंडानं भक्कम, सुरू झालं की पायाखालची फरशी थरथरायची आणि शाईचा, रॉकेलचा वास थेट जिन्यापर्यंत जायचा. माझं डिजिटल. काचेच्या केबिनमध्ये, एसीत, पांढरंशुभ्र. बाबा त्याला जावई म्हणायचे. "जावईबापूंना उकडतंय का गो? बघ जरा, नायतर रुसतील." मी भडकायचे. मला भडकायला फार काही लागत नाही, हे लालबागपासून दादरपर्यंतच्या आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे.

छपाईतलं काही माहीत नसेल त्याला एवढंच सांगते. ऑफसेटला आधी प्लेट बनवावी लागते. ती मशीनवर चढवायची, शाई भरायची, रंग जुळेपर्यंत कागद फुकट घालवायचे आणि एकदा का रंग जुळला की मग हवे तितके हजार काढा, सगळे सारखे, धडाधड. डिजिटलला प्लेटबिट काही नाही. कॉम्प्युटरवरून सोडलं की पहिलाच कागद चांगला. पण त्यात शाई नसते, टोनरची पावडर असते, ती गरम होऊन कागदावर चिकटते, आणि हजार काढायचे म्हटलं की मशीनला धाप लागते. म्हणजे थोडं आणि घाईचं काम माझ्याकडे, भरपूर आणि निवांत काम बाबांकडे. किती साधा हिशोब! पण घरातल्या घरात साधं काही राहतं का?

फोन वाजला की आम्ही दोघं एकदमच धावायचो. मी उचलला की काम माझं, बाबांनी उचलला की बाबांचं. डिलाईल रोडच्या एका ऑफिसला लेटरहेडं तातडीनं हवी होती, ती मी माझ्यावर काढून दिली. काय देखणी आली होती! त्यांनी ती घेतली आणि आपल्या ऑफिसच्या लेझर प्रिंटरमध्ये घातली. त्या प्रिंटरच्या उष्णतेनं माझा टोनर पुन्हा वितळला आणि त्यांचा लोगो कागदभर फासला गेला. बाबा आठवडाभर शीळ घालत फिरत होते. मग एकदा कोणाला तरी थोडीशीच व्हिजिटिंग कार्डं दुपारपर्यंत हवी होती, ती बाबांनी हट्टानं ऑफसेटला घेतली. रंग जुळेपर्यंत फुकट गेलेल्या कागदांचा ढीग माणसाच्या गुडघ्याला लागला, आणि तो माणूस शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कार्डं घेऊन गेलासुद्धा. मग मी शीळ घातली. मला शीळ येत नाही, तरी घातली.

तर असं आमचं मजेत चाललेलं असताना इमारत पाडायची ठरली. रिडेव्हलपमेंट. नवी होईपर्यंत शीवला पर्यायी गाळा मिळणार होता. तो बघायला आम्ही तिघं गेलो. तिसरे म्हणजे आमचे मशीनमॅन अंकल, दादरचे कॅथलिक, माझ्या जन्माच्या आधीपासून बाबांबरोबर. गाळ्याचं शटर वर केलं आणि बघतो तर काय. परळच्या गाळ्याच्या निम्मासुद्धा नव्हता. अंकल मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "एक मशीन येईल, मॅन. दुसरं बाहेर फुटपाथवर."

परतताना टॅक्सीत मी हिशोब मांडत बसले. बाबांचं मशीन शीवला आलं नाही तर भंगारात जाणार होतं. एवढं धूड ठेवायला जागा देणार कोण? आणि माझं आलं नाही तर ते भाड्यानं देणारी कंपनी ते उचलून नेणार आणि मी पुन्हा कोणाच्या तरी स्टुडिओत, कोणाच्या तरी हाताखाली, लोगो जरा डावीकडे आणि जरा उजवीकडे सरकवत बसणार. नको रे देवा! बाबांकडे बघितलं तर ते खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या नखांत ती नेहमीची शाई होती. माझ्या मनात आलं, हा माणूस शाईशिवाय राहणार कसा? आणि पुढच्याच सिग्नलला मनात आलं, पण मग मी काय करू?

त्याच आठवड्यात मावशी आल्या.

मावशी म्हणजे गिरगावात फणसवाडीच्या जवळच्या एका जुन्या साडीच्या दुकानाच्या मालकीणबाई. त्यांच्या पिशव्या, खोकी, दिवाळीची कार्डं, सगळं कायम आमच्याकडेच. आणि सगळं जांभळं. तो जांभळा म्हणजे त्या दुकानाची ओळख. गिरगावात कोणाच्या हातात तशी पिशवी दिसली की घरात कार्य आहे हे लोक ओळखतात. बाबा तो जांभळा डब्यातून काढून वापरत नाहीत, काचेच्या लादीवर दोन-तीन शाया घेऊन पात्यानं घोटून घोटून स्वतः बनवतात. बनवताना कोणी बोललेलं त्यांना खपत नाही.

मावशी स्टुलावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दादरला दुसरं दुकान काढतेय. दसऱ्याचा मुहूर्त आहे. माझ्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना आमंत्रण द्यायचंय."

मी जागच्या जागी उडीच मारली. दादरला! मावशींनी! ह्या वयात! "मावशी, कमाल केलीत!"

"माझ्यावर काढते," मी म्हणाले.

"माझ्यावर काढतो," बाबा म्हणाले.

दोघं एकदम. मावशी आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघत राहिल्या. "असं करा," त्या म्हणाल्या, "दोघांनी एकेक नमुना काढा. मला आवडेल तो मी घेईन."

त्या गेल्यावर बाबा पात्यावरची शाई पुसत पुसत सहज बोलल्यासारखं बोलले, "मावशी ज्या कार्डावर बोट ठेवतील, ता मशीन शीवला."

अंकलांच्या हातातला चहा सांडला. "अरे, मॅड झालास काय तू?"

"चालेल," मी म्हणाले. आम्ही हात मिळवले. अंकलांनी कपाळावर, छातीवर क्रूस केला आणि आपण ह्यात नाही असं जाहीर केलं.

पुढचे दिवस काय सांगू! मी इतकी पेटले होते की जेवताना माझा घास हातातच राहायचा. मशीन साफ केलं, रंगांच्या चाचण्या काढल्या, कंपनीच्या इंजिनिअरला फोन करकरून हैराण केलं. कार्ड निवडलं ते असं गुळगुळीत की त्यात तोंड बघून घ्यावं. पूर्ण कार्ड जांभळं, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, वर सोनेरी अक्षरं. तिकडे बाबाही काही कमी नव्हते. एरवी शर्टाच्या बाह्या दुमडायलाही कंटाळणारा माणूस, त्यांनी रोलर धुतले, नवी प्लेट मागवली, जांभळा घोटला, पुन्हा घोटला. आणि माझं चकचकीत कार्ड चोरून बघितलं असावं, कारण त्यांनीही कार्डभर जांभळा लावून वर वार्निशचा हात फिरवला. म्हणजे बघा! ज्या माणसानं वार्निशला जन्मभर नाकं मुरडली, तो माझ्याशी चकाकण्यात स्पर्धा करत होता. आणि मी मारे भिंग डोळ्याला लावून त्यांच्या कार्डातले ठिपके मोजत होते.

"ह्यो बघ ठिपको, कसो गोल हा," बाबा म्हणायचे. "तुझो बघ. फुटलेलो."

"तो फुटलेला नाहीये, तसाच असतो तो!"

"व्हय तर."

मावशी ठरल्या वेळी आल्या. आम्ही दोन्ही कार्डं टेबलावर मांडून ठेवली होती, शेजारी भिंग पण ठेवलं होतं. मावशींनी भिंगाकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवीतून एक छोटा करंडा काढला, एक वाटी काढली. "थोडं पाणी दे गं," मला म्हणाल्या. मला काही समजेना. पाणी दिलं. त्यांनी वाटीत हळद ओली केली, कुंकू ओलं केलं, बोट बुडवलं आणि आधी माझ्या कार्डाच्या कोपऱ्यावर टेकवलं.

हळद घसरली. चक्क घसरली! कार्डावरून ओघळत ओघळत सोनेरी अक्षरांपर्यंत गेली. मग मावशींनी कुंकू लावलं, तेही त्याच वाटेनं गेलं. मावशींनी बाबांचं कार्ड उचललं. बाबांच्या वार्निशवर तर हळदीकुंकवाचे नुसते मणी झाले आणि गडगडत टेबलावर उतरले. आमच्या दोघांच्याही कार्डांवरून दोन पिवळे आणि दोन लाल ओघळ चालले होते आणि आम्ही भिंग हातात धरून आ वासून बघत होतो.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "मी हळदीकुंकू लावू कुठे? चारी कोपरे तुम्ही रंगवून ठेवलेत, आणि वर हे तेल थापल्यासारखं काय केलंय?"

अंकल इतके हसले की त्यांना खोकला लागला. "एवढे दोन मोठे प्रिंटर," ते म्हणाले, "आणि आमंत्रण काढायला विसरले!"

बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. मावशींना इतकी वर्षं त्यांनी साधा जाड कागदच दिला होता, कोपरे मोकळे सोडून. आमंत्रण हातात देण्याआधी त्याच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू लागणार, हे मुंबईतल्या कुठल्याही शाळकरी पोराला कळतं. पण आम्ही दोघं एकमेकांना हरवायच्या नादात अशी कार्डं काढून बसलो की त्यांच्यावर माशीसुद्धा उभी राहिली नसती. माझा चेहरा लाल झाला होता. बाबांचा पण. मग बाबा माझ्याकडे बघून हसायला लागले, आणि मीही हसले. किती दिवसांनी आम्ही एकाच गोष्टीवर हसलो होतो!

पण पैज पैज होती. पुन्हा काढायचं ठरलं. ह्या वेळी दोघांनी साधा, जाड, मोतिया कागद घेतला. कोपरे मोकळे. जांभळा फक्त वर एक पट्टा, साडीच्या काठासारखा. हळदीकुंकू दोन्हीवर झकास बसलं. आता उरला फक्त रंग.

मावशी दोन्ही कार्डं घेऊन खिडकीपाशी गेल्या. साडीचा रंग बघतात तशी त्यांनी ती उजेडात धरली, तिरकी केली, लांब नेली. माझा जांभळा चांगलाच आला होता हो, मी खोटं सांगत नाही, मी त्याच्यासाठी जीव काढला होता.

"हा आमचा," मावशी म्हणाल्या आणि बाबांचं कार्ड वर धरलं. मग माझं धरलं. "आणि हा शेजारच्या दुकानाचा."

झालं.

मला काय वाटलं ते नीट सांगते. मला आधी मावशींचा राग आला, मग मशीनचा आला आणि सगळ्यात जास्त बाबांचा आला, कारण त्यांनी शीळ घातली नाही. घातली असती तर मी भांडले तरी असते. ते नुसते वळले आणि आपल्या मशीनचा आधीच स्वच्छ असलेला पत्रा फडक्यानं पुसत बसले. मी केबिनकडे बघितलं. काचेमागे माझं मशीन हिरवा दिवा लावून बसलं होतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कोणाला दिसू नये म्हणून मी एसीचा रिमोट शोधत असल्याचं नाटक केलं.

इकडे मावशींनी पर्समधून पेन काढलं. बाबांचं कार्ड समोर घेतलं आणि त्यावर पहिल्या गिऱ्हाइकाचं नाव लिहायला घेतलं. ही त्यांची जुनी रीत. कार्ड छापलेलं, नाव मात्र मावशींच्या हाताचं. पण आज त्यांचा हात थरथरत होता. पहिली दोन अक्षरं वर गेली, तिसरं खाली आलं. मावशी थांबल्या. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"बोटं ऐकत नाहीत हल्ली," त्या म्हणाल्या. आवाज हलका ठेवला होता, पण त्यांना लागलं होतं.

"मावशी, नावं मी छापून देते की," मी म्हणाले. मी हरले होते, पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

"छापलेलं नाव?" मावशी उसळल्या. "छापलेलं नाव लाइटबिलावर पण येतं गं माझं! हे लाइटबिल आहे का? हिचं बघ, आता जिचं नाव लिहीत होते ती. हिच्या लग्नातला शालू मी स्वतः निवडून दिला होता. हिची आई म्हणत होती लाल घे, मी म्हटलं, पोरीला मोरपंखी शोभेल. तिला मी नुसतं नाव छापून पाठवू?"

"थांबा!" मी ओरडलेच. "काय म्हणालात? परत म्हणा!"

मावशी दचकल्या. "काय म्हणाले मी?"

मी थांबलेच नाही. केबिनमध्ये पळाले, कीबोर्ड पुढे ओढला आणि टाइप केलं. वर त्या बाईंचं नाव, आणि खाली, 'तुमच्या लग्नातला मोरपंखी शालू आठवतो ना? आता लेकीला घेऊन या.' बाबांच्या नमुन्याचंच, केव्हाच सुकलेलं, बिननावाचं एक कार्ड मशीनमध्ये सरकवलं. ते घुर्रर्र करून बाहेर आलं, अजून गरम होतं. तसंच मावशींच्या हातात दिलं.

मावशींनी वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"दुसऱ्या कार्डावर दुसरं येईल?"

"येईल!"

"आणि तिसऱ्यावर?"

"प्रत्येकावर वेगळं! तुम्ही फक्त बोला, मावशी."

मावशींनी स्टूल ओढलं, पदर खोचला आणि बोलायला लागल्या. आणि काय बोलल्या! त्या बाईंच्या डोक्यात अख्खं गिरगाव घडी घालून ठेवलं होतं. कोणी काय घेतलं, कोणत्या कार्याला घेतलं, कोणाचं काय राहिलं. 'मागच्या वेळी तुम्हाला अंजिरी हवी होती, ती आणून ठेवलीय.' 'सासूबाईंना घेऊन या, त्यांच्यासारखा भाव करणारं आता कोणी राहिलं नाही.' 'तुम्ही बघून जाता, घेत काही नाही. तरी या. चहा आहेच.' मी टाइप करता करता खदाखदा हसत होते. अंकल दारात उभे राहून म्हणत होते, "मावशी, हे पण टाका, हे पण टाका!" मला इतका आनंद झाला होता की पैज, शीव, रिडेव्हलपमेंट, सगळं डोक्यातून गेलं होतं. हे काम कोणी करू शकणार नव्हतं! परळमध्ये नाही, कुठेच नाही!

"पण रंग मात्र ह्यांचाच हवा हं," मावशी जाता जाता बाबांकडे बघून म्हणाल्या.

म्हणजे दोन्ही हवं. जांभळा पट्टा बाबांच्या मशीनवर, मग तीच कार्डं माझ्या मशीनवर, त्यांवर नाव आणि ती ओळ. पैजेचं काय झालं, असं मी अंकलांना विचारलं. ते म्हणाले, "टाय. शीवला अर्धं अर्धं न्या."

बाबांनी पट्टे छापले. काय रंग होता! बघत राहावं. पण ऑफसेटची शाई लगेच सुकत नाही, आणि ओली शाई माझ्या मशीनच्या उष्णतेत गेली की ती मशीनच्या आतच चिकटून बसणार. मला धीर धरवेना. चहा झाला की विचारायचे, जेवण झालं की विचारायचे, "आता?" बाबा कार्डावर बोट घासायचे, बोट बघायचे. "ओली हा. गप रव." दसरा तोंडावर आला होता आणि हा माणूस बोट घासत बसला होता! शेवटी एका दुपारी त्यांनी बोट घासलं, बघितलं आणि पूर्ण थप्पी स्वतः उचलून केबिनच्या दारापर्यंत आणली. चपला बाहेर काढल्या. माझ्या केबिनमध्ये ते पहिल्यांदाच आत आले.

मावशी हजर होत्याच. कार्डं बाहेर यायला लागली. बाबा एकेक उचलून आधी आपला पट्टा बघायचे, मग ओळ वाचायचे. पहिल्या काहींना त्यांनी नुसतंच हूं केलं. मग हसायला लागले. मग "ह्या कोण हो बाई?" असं मावशींना विचारायला लागले आणि मावशी सांगायला लागल्या. मशीन चाललंय, दोघं गप्पा मारतायत, मी कार्डं सरळ करतेय, बाहेर अंकल कोणतं तरी जुनं गाणं गुणगुणतायत. असा दिवस रोज यावा असं मला वाटलं.

शेवटचं कार्ड आलं. मी थप्पी बांधायला दोरी घेतली.

"एक राहिलं," मावशी म्हणाल्या.

"कोणाचं? सगळी झाली की."

मावशींनी नाव सांगितलं. मी अर्धं टाइप करून गेले आणि मग माझी बोटं थांबली. ते आमचं आडनाव होतं. मी मावशींकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "लिही ना. आधी श्री. लिही. आणि खाली लिही, आमच्या सगळ्या पत्रिका तुम्ही छापल्यात. आता एकदा पाहुणे म्हणून या."

आमच्या घरात पत्रिकांना कधीच तोटा नव्हता. लोकांच्या लग्नांच्या, मुंजींच्या, उद्घाटनांच्या उरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे यायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी शाळेची गणितं सोडवली, आईनं वाण्याच्या याद्या केल्या. पण नाव घालून दिलेली अशी एकही नसायची. छापणाऱ्याला आमंत्रण कोण देतं? त्यानं तर ते सगळ्यांच्या आधी वाचलेलं असतं. मला हे त्या दुपारपर्यंत कधी सुचलंसुद्धा नव्हतं.

मी एक कार्ड काढलं. एकच. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरलं.

बाबांनी हात शर्टाला पुसले आणि कार्ड घेतलं. आपल्या पट्ट्याकडे त्यांनी बघितलंच नाही. नाव वाचलं. खालची ओळ वाचली. मग पुन्हा वर जाऊन पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं कार्ड वाचलं, दुकानाचं नाव, पत्ता, मुहूर्त, सगळं. ते कार्ड त्यांनी स्वतः इतक्या वेळा तपासलं होतं की झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

"तुझा मशीन शीवला ने," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझो जांभळो मी कोणाच्याय ऑफसेटवर जाऊन काढून देईन. ह्या असला कोण करून देतलो?"

मला आनंदानं ओरडायचं होतं, आणि बाहेर जाऊन त्यांच्या त्या धुडाला मिठी मारून रडायचंही होतं. दोन्हीपैकी काहीच जमेना. मी नुसती हातातली दोरी गुंडाळत उभी राहिले. बाबांनी कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं, बाहेर काढलं, पुन्हा एकदा बघितलं. मग ते मावशींकडे वळले.

"उद्घाटन कधी म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला," मावशी म्हणाल्या. "सकाळी. घरच्यांना घेऊन या."

"येतो," बाबा म्हणाले.